हिरव्या खोलीतलं ताट

१

सकाळी उठलं की खिडकी उघडायची, तळ्यावरच्या बदकांना कालचा पाव टाकायचा, स्वयंपाकघरात डोकावून दुपारचं काय ते ठरवायचं आणि कॉफीचा पहिला पेला राजपुत्राला स्वतःच्या हातानं नेऊन द्यायचा. फिलिपिनेचा हा क्रम कित्येक वर्षांचा. घरात एवढे नोकरचाकर असताना बाईनं स्वतः कॉफी कशाला न्यावी, असं लोक म्हणत. पण तिला ते आवडायचं, त्याला आवडायचं, आणि दोघांना जे आवडतं त्यात तिसऱ्यानं नाक खुपसायचं काही कारण नव्हतं. तरी लोक खुपसतच.

ती मोजे विणणाऱ्याची पोरगी. राजपुत्र आल्ब्रेश्ट म्हणजे राज्य करणाऱ्या ड्यूकचा धाकटा भाऊ. जत्रेत बापाच्या दुकानावर त्यानं तिला पाहिलं, आणि त्या हिवाळ्यात म्हणे त्यानं इतके मोजे विकत घेतले की पलटणीला पुरावेत. लग्न मात्र झालं नाही. राजघराण्यातल्या माणसानं बरोबरीच्या घरातच लग्न करायचं, हा कायदा. मग त्यानं दुसरीशीही केलं नाही आणि तिला घेऊन तो तळ्याकाठच्या हवेलीत राहायला आला. मोजेवालीनं राजपुत्राच्या पायाचं माप बरोबर घेतलं, असं गावात म्हणत. ते तिच्या कानावर आलं तेव्हा ती पोट धरून हसली होती.

नोकर तिला 'मामझेल' म्हणत, म्हणजे बिनलग्नाची बाई. राजपुत्र 'पिने' म्हणे.

एक नियम तेवढा पाळावा लागे. जेवायला कुणी जन्मानं उमराव असलेला पाहुणा आला की तिचं ताट मेजावरून उचललं जाई आणि शेजारच्या हिरव्या खोलीत मांडलं जाई. जेवणघराच्या भिंतीत त्या खोलीचं दार होतं, भिंतीच्याच कागदानं मढवलेलं, माहीत नसलेल्याला दिसायचंही नाही. फिलिपिनेला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. तेच सूप, तेच मांस, तितकंच गरम. मेज मांडणारा म्हातारा क्नाउट त्यात कसूर होऊ देत नसे. जेवण सुरू झालं की ती चमच्यानं पेल्यावर दोनदा टिचकी मारायची, म्हणजे माझं बरं चाललंय. पलीकडून राजपुत्र आपल्या पेल्यावर दोनदा वाजवायचा. शेवटी फळं आली की तो 'तपकिरीची डबी विसरलो' म्हणून उठायचा आणि रुमालात पीच गुंडाळून आत यायचा. डबी त्याच्या खिशातच असे. पाहुण्यांना ते ठाऊक असे, आणि सगळे आपापल्या ताटात बघत बसत.

धाकटी मुलगी लेने झाल्यावर हिरव्या खोलीत दोन ताटं लागू लागली. तिची उंच खुर्ची होती, छोटा चमचा होता. आईचं बघून तीही पेल्यावर वाजवायची, पण एकदाच, आणि नेहमी मागाहून. पीच साल काढून दिल्याशिवाय खायची नाही. चार वर्षांची असताना घटसर्पानं गेली. त्यानंतर फिलिपिने तिथे एकटी जेवे, आणि दाराकडे पाठ करून बसे.

२

त्या उन्हाळ्यात ड्यूकनं भावावर मेहेरबानी केली. मामझेल फिलिपिनेला उमरावपद मिळालं. राजधानीतून एक काटकुळा अधिकारी आला. फिलिपिनेनं त्याला इतकं खाऊ घातलं की त्याला पट्टा सैल करावा लागला. कुलचिन्हावर काय हवं, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, बदक. तो खाकरला आणि म्हणाला, हंस काढू.

आता नाव 'फॉन आशेनहाइड'. जुनं नाव आजपासून सोडून द्यायचं, तुम्ही आणि तुमच्या मुलांनी, असं तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मुलं किती?"

"दोन," फिलिपिने म्हणाली. एमिलिए आणि युलिउस, दोघं राजधानीत शिकत होती. मेलेल्या लेकराला उमरावपद काय करायचंय? तिनं विचारही केला नाही.

राजपुत्र खिडकीशी उभा होता. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा तळ्याकडे पाहू लागला.

संध्याकाळपर्यंत घरभर 'बाईसाहेब, बाईसाहेब' सुरू झालं. राजपुत्रानंही जेवताना थट्टेनं वाकून 'बाईसाहेब' म्हटलं. तिला गुदगुल्या झाल्या. पुढच्या दिवशीही तो तसंच म्हणाला, त्याच्या पुढच्या दिवशीही. थट्टा बरीच लांबली, असं तिला वाटलं. पण माणूस खुशीत होता, आणि तीही होती. आता हिरव्या खोलीचं काम नव्हतं. तिनं खुर्च्यांवर चादरी घालायला लावल्या आणि लेनेची उंच खुर्ची माळ्यावर पाठवली. पाठवण्याआधी तिनं ती स्वतः पुसली. मग ती बदकांना पाव टाकायला गेली.

३

पहिली परीक्षा आली ती राजपुत्राच्या बहिणीची. राजकुमारी आउगुस्टे म्हणजे ताठ मानेची, कमी बोलणारी बाई. ती आजवर या घरात बरेचदा जेवली होती, पण फिलिपिनेच्या समोर कधी बसली नव्हती. या वेळी मुद्दाम बघायला येत होती. मोजेवाल्याची पोरगी मेजावर शोभली तर एमिलिएला ती आपल्या पदरी, दरबारात घेणार होती. दरबारात गेली की पोरीला चांगलं स्थळ मिळेल, आणि आईसारखं कुणाच्या भिंतीआड जेवावं लागणार नाही. फिलिपिनेला एवढंच हवं होतं.

तशी तिची तयारी चोख होती. राजकुमारी बसल्याशिवाय बसायचं नाही, तिनं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि ती उठेपर्यंत मेजावरून हलायचं नाही, मग घराला आग लागली तरी.

दुपारचं ऊन मेजावर पसरलं होतं. सूप आलं. राजकुमारीनं चव घेऊन मान हलवली. फिलिपिनेच्या जिवात जीव आला.

आणि भिंतीत वाजलं, टिक् टिक्.

चमचा, पेल्यावर, दोनदा.

फिलिपिनेचा हात हवेतच थांबला. तिच्या शेजारी राजपुत्र भावाच्या शिकारीची गोष्ट सांगत होता. गोष्ट न थांबवता, न बघता त्यानं आपला चमचा उचलला आणि पेल्यावर दोनदा वाजवला.

"भिंतीत उंदीर झालेत वाटतं, आल्ब्रेश्ट," राजकुमारी म्हणाली.

"जुनं घर आहे," तो म्हणाला आणि गोष्ट पुढे सांगू लागला.

जुनंच घर होतं. उन्हानं लाकूड तडकतं, कुणी मोलकरीण पलीकडे चमचे पुसत असेल. फिलिपिनेनं मनातल्या मनात अशी चार कारणं काढली, आणि चारही पटण्यासारखी होती. तेवढ्यात मागाहून, जरा वेडावाकडा, एक टिक् आला.

तिनं सूप संपवलं. कसं संपवलं ते तिलाच माहीत.

४

राजकुमारीची बग्गी फाटकाबाहेर गेली तशी फिलिपिने हिरव्या खोलीत शिरली. चादरी होत्या तिथेच होत्या. पण मेजावरची चादर नीट घडी करून खिडकीत ठेवलेली. मेजावर ताट होतं. ताटात पीचची बी होती, आणि ती अजून ओली होती. शेजारी लांबच लांब साल, एका तुकड्यात काढलेलं. राजपुत्र असंच काढायचा. आज फळं आल्यावर तोही नेहमीसारखा तपकिरीचं निमित्त करून उठला होता, हे तिला आत्ता आठवलं. सवयीनं तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

तिनं क्नाउटला बोलावलं. म्हातारा झाला होता, हाताला वळण पडलेलं. पाहुणे म्हटलं की आत ताट मांडून टाकलं असेल बिचाऱ्यानं. ती रागावली नाही, हसतच विचारलं.

"मांडलं ना बाईसाहेब," क्नाउट म्हणाला. "मागितलं म्हणून मांडलं."

"कुणी मागितलं?"

क्नाउटनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिच्याच डोक्यावर परिणाम झालाय. मामझेलनं मागितलं, तो म्हणाला. दाराआडून, नेहमी मागायच्या तसंच. क्नाउट, छोटा चमचा विसरू नका हो.

"मामझेल म्हणजे मीच ना रे क्नाउट?"

म्हाताऱ्यानं विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे तिला दिसत होतं.

"बाईसाहेब तर मेजावर होत्या," तो शेवटी म्हणाला.

फिलिपिनेनं त्याला जायला सांगितलं. मग तिनं ते साल हातात घेतलं. खोलीत ऊन होतं, बाहेर बदकं ओरडत होती. भीती वाटायला हवी तशी वाटत नव्हती, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

रात्रीपर्यंत थांबण्याइतका धीर तिला नव्हता. राजपुत्र बागेत गुलाब छाटत होता. तिथेच तिनं विचारलं, आज फळं आल्यावर कुठे गेला होतात?

"तपकीर आणायला," तो म्हणाला. मग कात्री चालवता चालवता सहज बोलला, "आणि लेनेला साल काढून हवं होतं."

 तो पुढचा गुलाब छाटू लागला. आपण काय बोललो हे त्याला कळलंय असं त्याच्या तोंडावरून वाटत नव्हतं. चेहरा मात्र इतका निवांत होता, की पोर गेल्यापासून तसा तिनं पाहिला नव्हता. त्याच्या कोटाच्या बाहीवर एक लहानसा चिकट डाग होता. चार बोटांचा.

५

आता तिचं सगळं चित्त त्या एका गोष्टीत गुंतलं. लेने आत आहे. एकदा, एकदाच बघायचं.

ती हिरव्या खोलीत जाऊन बसू लागली. सकाळी बसली, दुपारी बसली. उंच खुर्ची माळ्यावरून परत आणवली. क्नाउटला सांगून दोन्ही ताटं मांडून घेतली आणि आपल्या जुन्या जागी बसून पेल्यावर वाजवलं. सूप गार झालं. खोली नुसती खोली होती. एक माशी तेवढी खिडकीवर डोकं आपटत होती.

मग पुढच्या आठवड्यात राजधानीतला एक काउंट जेवायला आला, आणि भिंतीत वाजलं. राजपुत्र पीच घेऊन उठला. फिलिपिने मेजावर बसून राहिली. काउंट तिला घोड्यांबद्दल काही सांगत होता. त्याला हो-हो म्हणत ती ऐकत होती. भिंतीपलीकडे राजपुत्राचं हसू. मग एका बाईचा आवाज, हळू, समजावणीचा. तो आवाज तिचाच होता. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते माणसाला ठाऊक नसतं, पण ते शब्द तिचे होते. 'घाई नको, आधी चाव.' आणि मग राजपुत्र स्पष्ट म्हणाला, "पिने, बघ तरी कशी खातेय."

पिने.

उमरावपद मिळाल्यापासून त्यानं तिला त्या नावानं हाक मारली नव्हती. तिला वाटलं होतं, मान देतोय.

त्या क्षणी तिला सगळं उमगलं, आणि कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. ती बाईसाहेब म्हणून मेजावर बसते, तेव्हाच ती दुसरी आत बसते. तिनं दोन मुलं सांगितली, तिसरी त्या दुसरीकडे राहिली. कुणीतरी तिला भरवायला हवंच होतं. यात कुणाला दोष द्यायचा? तिला मत्सर वाटला का? वाटला. जळजळून वाटला. आपल्याच नावाचा, आपल्याच आवाजाचा. पण त्याहून मोठी होती ती आस. राजपुत्राला आत जाता येतं. आपण आत गेलो की आत कोणी नसतं. मग पाहुणे मेजावर असताना, आपलं ताट मेजावर असताना, मधूनच उठून दार उघडलं तर?

काउंटसमोर ती उठली नाही. तो निघून गेल्यावर तिनं स्वतःला शिव्या घातल्या. आता पुढची पाहुणी राजकुमारीच होती, एमिलिएबद्दलचा निकाल सांगायला येणारी.

६

राजकुमारी आली ती एमिलिएचं नाव काढतच. पोरगी चुणचुणीत आहे म्हणाली, चाल चांगली आहे म्हणाली. फिलिपिनेनं मान खाली घालून ऐकलं. गप्प बसायचं, ताट संपवायचं, संध्याकाळपर्यंत एमिलिएचं भाग्य उजळलेलं असेल. तिनं मेजाखाली हात घट्ट धरून ठेवले.

सूप आलं. टिक् टिक्. राजपुत्रानं उत्तर दिलं. मागाहून तो एकटा, वेडावाकडा टिक् आला, आणि फिलिपिने उठली.

खुर्चीचा आवाज फार मोठा झाला. ताट आणणारा नोकर जागीच थिजला. राजपुत्र सोडला तर, राजकुमारी बसलेली असताना या मेजावरून आजवर कुणी उठलं नव्हतं. एमिलिएचा चेहरा फिलिपिनेच्या डोळ्यांपुढे आला, तो बाजूला सारून ती चार पावलं चालली आणि कागदानं मढवलेलं दार तिनं हातभर उघडलं.

हिरवा उजेड होता. दाराकडे पाठ करून एक बाई बसली होती, फिलिपिनेच्याच जुन्या तपकिरी झग्यात, कानावर टोपी. मान जराशी डावीकडे कललेली. आणि तिच्या कोपराआडून एक हात दिसत होता, गुबगुबीत, सुपानं बरबटलेला, मुठीत चमचा उलटा धरलेला. लेने चमचा असाच धरायची. किती वेळा सांगितलं होतं तिला.

फिलिपिनेनं पुढे पाऊल टाकलं. तशी ती बाई, मान न वळवता, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"दार लावा हो बाईसाहेब. वारा लागतो पोरीला."

पुढे काय दिसलं असतं कोण जाणे. एक पाऊल आणखी टाकलं असतं तर कदाचित चेहरा दिसला असता. दोन्ही चेहरे. पण वाऱ्याचं म्हटल्यावर फिलिपिनेचा हात आपोआप मागे आला. लेने गेली त्या हिवाळ्यात वारा लागूनच तर दुखणं सुरू झालं होतं. कुठली आई दार उघडं ठेवील?

तिनं दार लावलं. हळू, कडी वाजणार नाही असं.

मेजावर सगळे तिच्याकडे बघत होते. ती जागेवर येऊन बसली. राजकुमारीनं हातातला चमचा खाली ठेवला.

"आत कोण आहे?" तिनं विचारलं.

उंदीर म्हणता आलं असतं. मांजर म्हणता आलं असतं. राजपुत्र तिच्याकडे बघत होता.

"माझी धाकटी," फिलिपिने म्हणाली. "जेवतेय."

राजकुमारी लेनेच्या अंत्यविधीला आली नव्हती. नियमानं येता आलं नसतं. पण लेने गेली हे तिला ठाऊक होतं. तिनं आपल्या भाच्यांच्या या आईकडे पाहिलं. मग तिनं चमचा पुन्हा उचलला.

"मग तिचं गार होऊ देऊ नका," ती म्हणाली. एमिलिएनं सप्टेंबरअखेर, मायकेलमासच्या सणाला दरबारात यावं, असंही तिनं पुढे सांगितलं, आणि थोडं मीठ मागितलं.

फळं आली. राजपुत्रानं सवयीनं पीच घेतलं आणि रुमालाशी चाळा करू लागला. फिलिपिनेनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. सुरी घेऊन तिनं सगळ्यांदेखत साल काढलं, एका तुकड्यात, न तोडता. फोडी केल्या, बी काढून टाकली, रुमालात नीट गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"जा," ती म्हणाली. "वाट बघत असतील."

त्यानंतर तळ्याकाठच्या हवेलीत पाहुण्यांची रीघच लागली. काउंट, बॅरन, त्यांच्या विधवा बहिणी, जो जन्मानं उमराव असेल त्याला आमंत्रण. मोजेवालीला मोठेपणाची चटक लागली, असं गाव म्हणू लागलं. दोन दिवस पाहुण्याविना गेले तर बाईला चैन पडत नाही, असंही म्हणत. ते अगदी खरं होतं. पाहुणा नसला की आत कोणी जेवत नसे.

सकाळी ती बदकांना पाव टाकते, राजपुत्राला कॉफी नेते. तो तिला 'बाईसाहेब' म्हणतो, प्रेमानं म्हणतो, आणि तिला आता ते टोचत नाही, निदान रोज तरी नाही. दुपारी ती मेजावर राजपुत्राच्या उजव्या हाताला बसते, पाहुण्याचं बोलणं ऐकते आणि सूप आलं की कान देते. भिंतीत दोनदा वाजतं. राजपुत्र उत्तर देतो. मग ती श्वास धरून थांबते. मागाहून एकदा वाजलं की ती चमचा उचलते आणि जेवायला लागते.